पाणी कुठल्या बाजूला वाहतंय?

हिर्डोशी खोऱ्यातल्या कुठल्याही वाडीत पाठीला सॅक लावून शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठं निघालात पाव्हणं?" शहरातून आलेल्या माणसाला ही नसती चौकशी वाटते. "असंच, जरा फिरायला" म्हणून तो पुढं सटकतो. डोंगरात एकट्यानं जाणारे ज्या चुका करतात त्यांत ही चूक मी सगळ्यात वर ठेवीन. सॅकमध्ये दोरी नसली तरी बिघडत नाही, कंपास नसला तरी एक वेळ निभावतं. पण आपण कुठल्या वाटेनं गेलो आणि किती वाजता परत येणार, हे खाली एकाही माणसाला ठाऊक नसेल तर बाकीचं सगळं सामान फुकट आहे. म्हणून ओसरीवरच्या आजोबांना नीट उत्तर द्यावं: "कावळ्या किल्ल्यावर जातोय, तीनपर्यंत ह्याच वाटेनं खाली येतो."

खरं तर या खोऱ्यातली माणसं जन्मभर डोंगरात एकटीच हिंडतात. धनगरवाड्यावरून दूध घेऊन उतरणारी बाई एकटी असते, हिरडा गोळा करायला गेलेला माणूस एकटा असतो, चुकलेल्या म्हशीमागं गेलेलं पोर एकटंच असतं. त्यांना काही होत नाही याचं श्रेय आपण त्यांच्या काटक पायांना देतो. ते अर्धंच खरं आहे. ही माणसं कुठल्या रानात गेलीत हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना माहीत असतं. दिवेलागणीला परतली नाहीत तर कुणीतरी हाक मारत निघतं, आणि कुणीकडं निघायचं हे त्याला ठाऊक असतं. आपल्याकडे त्यांचे पाय नाहीत. निदान ही व्यवस्था तरी उचलावी.

खोऱ्याची रचना आधी डोक्यात बसवायला हवी. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं हिर्डोशी, वारवंड, शिरगाव करत वरंध घाटाच्या तोंडाशी पोचतो. हा जुना हिर्डस मावळ, बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभूंचा मुलूख. दक्षिणेला रायरेश्वराची लांबलचक डोंगररांग, पलीकडे वाईचा मुलूख. उत्तरेला एकामागून एक डोंगरधारा आणि त्यांच्या पलीकडे वेल्ह्याचा मुलूख. पश्चिमेला घाटमाथा, आणि तिथं जमीन संपते. नीरा शिरगावाजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. घाटमाथ्याच्या पश्चिम अंगाला पडलेला थेंब मात्र दोन-अडीच हजार फूट खाली कोसळून सावित्रीच्या खोऱ्यात आणि तिथून अरबी समुद्रात जातो. दोन थेंबांमध्ये अंतर असतं चार पावलांचं.

एकट्या माणसाच्या जिवाशी या भूगोलाचा थेट संबंध आहे. वाट चुकलात तर ओढा धरून खाली उतरा, माणसांची वस्ती लागेल, असं बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. ज्या देशांत डोंगर सावकाश उतरतात तिथं ते बरोबर असेल. सह्याद्रीत हा सल्ला निम्मा खरा आहे. पूर्व अंगाचा ओढा तुम्हाला भातखाचरांत आणि मग गावात आणून सोडतो. पश्चिम अंगाचा ओढा सुरुवातीला तितकाच साधा, तितकाच निमूट वाहत असतो, आणि मग कड्यावरून उडी घेतो. पावसाळ्यात वेल्ह्यातल्या केळदजवळचा मढे घाटाचा धबधबा पाहायला हजारो लोक जातात. तो वरच्या बाजूनं पाहिलात तर हे चटकन कळेल. उडी घेण्याआधी तो एक मामुली ओढा असतो. त्याच्या कडेनं चालणाऱ्याला शेवटच्या वळणापर्यंत काही दिसत नाही, आणि शेवाळलेल्या कातळावर घसरायला लागल्यावर दिसून उपयोग नसतो.

म्हणून घाटमाथ्यावर दर थोड्या वेळानं स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: इथलं पाणी कुठल्या बाजूला वाहतंय? पूर्वेला वाहत असेल तर चुकल्यावरही उतरणीला धरणाचं पाणी, रस्ता, वाडी यांपैकी काहीतरी लागणार. पश्चिमेला वाहत असेल तर त्या पाण्यामागं एक पाऊलही टाकायचं नाही. चढून धारेवर यायचं आणि मळलेली वाट शोधायची. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा आहेतच. मढे घाट आहे, उपांड्या घाट आहे. तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटानंच उमरठ्याला नेला असं परंपरा सांगते. पण या वाटा कड्यातल्या नेमक्या नाळेतून आणि सोंडेवरून उतरतात. पन्नास पावलं इकडं-तिकडं झाली तर पुढं वाट नसते. पहिल्यांदा जाताना तिथं एकट्यानं उतरू नये, गावातला माणूस बरोबर घ्यावा. त्याच्या दिवसाच्या मजुरीत घासाघीस करणाऱ्यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

रायरेश्वराला हा नियम चालत नाही. त्याचं पठार जवळपास चहूबाजूंनी कड्यांनी तुटलेलं आहे, तिथं पाणी कुठंही वाहिलं तरी कडाच गाठतं. तिथं शिडीची वाट आणि जंगम मंडळींची घरं, या दोन खुणा डोक्यात ठेवायच्या आणि धुकं उतरलं की त्यांच्यापासून लांब जायचं नाही.

धुक्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. साडेचार हजार फुटांच्या आसपासची रायरेश्वरासारखी पठारं जून ते सप्टेंबर ढगांतच बुडालेली असतात. समोरचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. अशा वेळी "मी सरळ चाललोय" ही खात्री अजिबात भरवशाची नसते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना घनदाट सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसनं त्यांच्या वाटा नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आल्यावर वळत गेली आणि काही जण गोल फिरून स्वतःच्याच आधीच्या वाटेला येऊन मिळाले, तेही आपण वळतोय याचा पत्ता नसताना. डोळे बांधले तेव्हा तर काहींची वर्तुळं वीस मीटर व्यासाइतकी लहान झाली. चकव्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. त्यामागं भूत नसलं तरी चकवा खरा असतो, एवढं या प्रयोगावरून म्हणता येईल.

तेव्हा धुक्यात वाट हरवली की चालणं थांबवायचं. शेवटची ओळखीची खूण, मंदिर असो, टाकं असो की रचलेले दगड असोत, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर असेल आणि आलेली वाट दिसत असेल तर तिथवर मागं जायचं. नाहीतर वाऱ्याच्या आडोशाला बसून राहायचं. सह्याद्रीतलं धुकं पुष्कळदा तासा-दोन तासांत क्षणभर फाटतं. तेवढ्यात दिशा बघून घेता येते. कंपास असेल तर तो इथं विशेष प्रामाणिक आहे: आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या भटक्यांना करावी लागते ती बेरीज-वजाबाकी आपल्याला नाही. फक्त तो लोखंडी शिडीला किंवा मोबाईलला टेकवून वाचू नका.

स्वच्छ हवेत वाट चुकते ती बहुतेक वेळा ढोरवाटेनं. गुरांनी पाडलेली वाट आणि माणसांची वाट सुरुवातीला सारखीच दिसते. जरा वाकून पाहिलं की फरक कळतो. ढोरवाटा एकाच उतारावर तीन-चार समांतर रेघांनी, जवळजवळ एका पातळीत जातात आणि गवत संपलं की विरून जातात. करवंदीच्या जाळीखालून वाट जात असेल, कमरेखाली मोकळं आणि छातीशी फांद्या जशाच्या तशा असतील, तर ती म्हशीची. माणसाच्या वाटेवर छाती-डोक्याच्या उंचीच्या फांद्यांना कोयत्याचे घाव असतात, कातळावर वहाणांनी गुळगुळीत झालेला फिकट पट्टा दिसतो, आणि, सांगायला लाज वाटते पण उपयोग होतो, गुटख्याची पुडी पडलेली सापडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेएवढं वाढतं आणि या सगळ्या खुणा त्याखाली जातात. वाट ओळखायला हा काळ सर्वांत अवघड. नेमकी त्याच काळात फुलं पाहायला गर्दी असते.

वाट चुकल्यावर काय होतं याचं एक उदाहरण महाराष्ट्रानं जवळून पाहिलं आहे. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळच्या नागफणीकडे एकटाच गेला. परतताना जंगलात वाट चुकल्याचं त्यानं फोनवरून कळवलं, मग फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्रसारखी स्थानिक पथकं, पोलीस आणि एनडीआरएफ यांनी चार दिवस शोध घेतला. शेवटी दरीत त्याचा मृतदेह मिळाला. नागफणी काही दुर्गम जागा नव्हे. खाली गाव, रेल्वे आणि महामार्ग. ती सगळी यंत्रणा जवळ असताना चार दिवस लागले. हिर्डोशीच्या वरच्या रानात किती लागतील याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

या घटनेतून मोबाईलबद्दल एक धडा घ्यावा. रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालू राहतं, नकाशा घरूनच उतरवून घेतला असेल तर आपण कुठं आहोत हे कळतं. पण रेंज शोधत राहणारा फोन दरीत फार लवकर मरतो. म्हणून चढायला लागताच तो फ्लाइट मोडवर टाकावा, आणि पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावी. अडकलात आणि एका फोनपुरतीच बॅटरी उरली तर घरच्यांना फोन करून रडारड करण्यात ती घालवू नका. ११२ लावा, ठिकाणाचे जीपीएस आकडे सांगा, जखम झाली आहे का ते सांगा, "मी इथून हलणार नाही" हे सांगा, आणि खरोखरच हलू नका. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर आणीबाणीचा फोन त्यावरून लागू शकतो. बोलणं होत नसेल तर आकडे मेसेजनं पाठवा, क्षणभर मिळालेल्या रेंजमध्येही मेसेज निघून जातो.

फोनला पर्याय म्हणून दहा रुपयांची शिट्टी. मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. रात्री बॅटरीच्या उजेडाचं तसंच. ऐकणारा मिनिटात तीनदा उत्तर देतो. आल्प्समधल्या अपघातांनंतर क्लिंटन डेंट या इंग्रज गिर्यारोहकानं १८९४ मध्ये ही खूण सुचवली आणि ती जगभर रूढ झाली. धनगरवाड्यावरच्या माणसाला डेंट माहीत असायची गरज नाही. ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा येणारा आवाज पाखराचा नाही एवढं त्याला बरोबर कळतं. ओरडून मात्र काही साधत नाही. घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते.

वेळेचं गणित शहरी माणूस नेहमी कमी धरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ढोबळ हिशेब दिला होता: ताशी पाच किलोमीटर, अधिक दर सहाशे मीटर चढाईला एक तास. हा हिशेब थंड हवेचा आणि सवयीच्या पायांचा. आपल्याकडच्या उन्हात, घसाऱ्यावर आणि गवतात त्याच्या दीडपट धरावा. उतरताना वेळ वाचेल या भ्रमातही राहू नये, बारीक मुरमाच्या घसाऱ्यावर उतरायला चढण्याइतकाच वेळ जातो आणि बहुतेक घोटे तिथंच मुरगळतात. डिसेंबरात इथं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि खोऱ्यात तो डोंगराआड त्याच्याही आधी जातो. हिवाळ्यात दोन वाजता जिथं असाल तिथून मागं फिरायचं, माथा पंधरा मिनिटांवर असला तरी. बरोबर कुणी असतं तर त्यानं "चल, उशीर झाला" म्हटलं असतं. एकट्याला ते घड्याळाकडून ऐकून घ्यावं लागतं.

पावसाळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या घाटमाथ्यावर एकट्यानं जाऊच नये. शिरगाव-हिर्डोशीकडे भोर शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. ओढे तासाभरात चढतात, साकवावरून पाणी जायला लागतं. असं पाणी ओलांडायचं नाही, थांबायचं. हे ओढे आखूड असल्यामुळे पाऊस ओसरला की काही तासांत उतरतातही. शिवाय दरडींमुळे वरंध घाट पावसाळ्यात पुष्कळदा बंद ठेवतात. घाट बंद म्हणजे रस्त्यावर वर्दळ नाही, घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या नाहीत, हात केला तर थांबणारी गाडी नाही. नकाशावर "रस्ता जवळच आहे" असं दिसतं, पण त्या दिवसांत त्या रस्त्यावर कुणी नसतं.

आणि गारठा. महाराष्ट्रात थंडीनं माणूस मरत नाही ही आपली ठाम समजूत. अंगावरचे कपडे चिंब, वारा सुसाट आणि पोट रिकामं असेल तर वीस अंश तापमानातही शरीराची उष्णता झपाट्यानं जाते. आधी कुडकुडणं, मग बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, बोलणं लटपटतं आणि शेवटी विचार गढुळतो. बरोबरच्या माणसाला हे दिसतं, स्वतःला कळत नाही, एकटेपणाचा खरा धोका तो. जीन्स आणि सुती कपडे भिजले की शत्रू होतात. भातलावणीला वाकलेली बाई डोक्यावर इरलं घेते आणि गुराखी घोंगडं पांघरतो, त्यात अनुभवाचं शहाणपण आहे. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. सॅकमध्ये पिशवीबंद कोरडा स्वेटर आणि मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. रात्र काढायची वेळ आली तर त्या पिशवीत शिरून, खाली गवत किंवा सॅक घालून बसावं. रात्री उतरायचा प्रयत्न करू नये.

एप्रिल-मे आणि परतीचा पाऊस हे विजांचे दिवस. उघड्या सड्यावर दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की माथा, एकटं झाड आणि लोखंडी शिडी या तिन्हींपासून दूर व्हायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजा दाखवतं. चढायच्या आधी, रेंजमध्ये असतानाच बघून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये टाकीही आटतात, म्हणून तेव्हा पाणी चार लिटरपेक्षा कमी घेऊ नये.

बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, तो माणूस पाहून बहुधा स्वतःच निघून जातो. धनगरवाड्यावरची कुत्री जात नाहीत. लांबूनच हाक द्यावी, मालक बाहेर येईपर्यंत उभं राहावं. आग्या मोहोळाच्या कड्याखाली अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य.

साप-विंचवाबद्दल सांगताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतलंच पाहिजे. घाट उतरला की लागणाऱ्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात ते रुजू झाले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर लागू पडतं हे दाखवलं. चाळीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्यावर आलं, हे काम 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा उपचार आहे, प्रश्न तिथवर पोचण्याचा आहे. दगडाखाली, कपारीत हात घालू नये, काढून ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालू नयेत. साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही. रेंज असेल तर १०८ लावून तिथंच थांबायचं. नसेल तर न धावता, बसत-उठत जवळच्या वाडीपर्यंत जायचं. इथंही वाडी कुठल्या बाजूला आहे हे आधीपासून माहीत असेल तरच.

शेवटी एक विनंती करायची आहे. डोंगरात माणूस हरवला की आधी निघतात ती गावातली पोरं, मग महाराष्ट्र माऊंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या हाकेला धावून येणारी गिर्यारोहकांची पथकं. ही बहुतेक माणसं स्वयंसेवक आहेत, दुसऱ्या दिवशी त्यांनाही कामावर जायचं असतं. तेव्हा तीनला येतो सांगून दुसऱ्याच वाटेनं उतरलात तर रस्त्याला लागल्याबरोबर त्या घरी फोन करा. नाहीतर तुम्ही पुण्यात जेवत असताना हिर्डोशीची चार पोरं बॅटऱ्या घेऊन तुमच्यासाठी डोंगर चढत असतील.